उन्हाळाभर पळायचं म्हणतोस तर...

तालुक्याला ८०० मीटरमध्ये तिसरा आलास, आता मे महिनाभर एकटाच पळणार म्हणतोस. पळ, पण परभणीचं ऊन ओळखून. पारा ४२ च्या वर गेला की भल्याभल्यांचं काही चालत नाही. पहाटे साडेपाचला घर सोड, सातच्या आत परत.

मी दहावीच्या सुट्टीत हट्टानं नऊला निघालो होतो. तिसऱ्या किलोमीटरला घाम येणंच थांबलं, भर उन्हात अंगावर काटा आला. लिंबाखाली बसलो, एका आजीनं माठातलं पाणी डोक्यावर ओतलं म्हणून निभावलं. असा काटा आला की पळणं तिथंच सोडायचं, सावली गाठायची.

वेग कमीच ठेव. सोबत कुणी असतं तर त्याच्याशी सलग बोलता आलं असतं, एवढाच. पोरं रोज शर्यत लावतात अन् शाळा उघडली की नडगी धरून बसतात. डांबरी टाळ, कालव्याकडेची मातीची वाट धर. काळ्या रानात मात्र नको, भेगांत पाय मुरगळतो.

आल्यावर लिटरभर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, तसलाच अर्धा चमचा मीठ. मग भाकरी, पिठलं, दही, मूठभर शेंगदाणे. पावडरीच्या डब्यांवर बापाचे पैसे घालू नकोस.

अन् घाई कसली? बीडकडच्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, खरा धावपटू तिथंच झाला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे अन् पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीचं, रौप्य त्याचंच.

बुटांचं जूनमध्ये बघू. सध्याचे टाचेत फाटले नसतील तर चालतील.