आईचं बंद केलेलं औषध मी घेऊ का?

"2002 मध्ये आईच्या हॉर्मोनच्या गोळ्या डॉक्टरांनी एका भेटीत बंद केल्या. कॅन्सर होतो म्हणाले. आता माझे डॉक्टर मला तेच सुचवतायत. खरं कुणाचं मानू?"

माझ्याशी बोलायला आलेल्या या बाईंचं वय 51. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं. अंगातून वाफा निघायच्या, रात्री घामाने भिजून चार-चारदा जाग यायची. तरी डॉक्टरांनी दिलेली औषधाची चिठ्ठी तीन आठवडे पर्समध्येच.

औषध घ्यावं की नाही हे मी सांगत नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. पण भीती आली कुठून, हे दोघींनी मिळून शोधता येतं.

2002 मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हॉर्मोनच्या एकत्र गोळ्यांचा भाग मध्येच थांबवला गेला. स्तनाच्या कॅन्सरचा धोका 26 टक्क्यांनी वाढतो, हे जगभर पोचलं. म्हणजे वर्षाला 10,000 बायकांमागे साधारण 8 जणी जास्त, हे फारसं कुणी सांगितलं नाही. त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं 63. पुढे वयाप्रमाणे आकडे तपासले, तेव्हा साठीच्या आत किंवा पाळी गेल्यावर दहा वर्षांच्या आत सुरुवात करणाऱ्या, एरवी निरोगी असलेल्या बहुतेकींना जोखमीपेक्षा फायदा जास्त दिसला. डॉक्टरांचं मत बदललं ते यामुळे. जोखीम नाहीशी झालेली नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्यांना हे औषध आजही सहसा देत नाहीत.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आईने उगाच सोसलं?"

याला झटपट उत्तर देऊ नये असं मला वाटतं. त्या डॉक्टरांनी तेव्हा हाताशी होतं त्यावरून ठरवलं, हे खरं. आई वर्षानुवर्षं धड झोपली नाही, चिडकी म्हणून घरात बोलणी खाल्ली, हेही तितकंच खरं. बाई रडल्या. आईला जे मिळालं नाही ते आपण कसं घ्यायचं, या विचारानेच चिठ्ठी पर्समध्ये अडकली होती. कॅन्सरची भीती त्याच्या वर बसलेली होती.

जाण्याआधी त्यांनी डॉक्टरांसाठी प्रश्न लिहून घेतले. माझ्या वयाला आणि घरातल्या आजारांना धरून जोखीम किती? गोळी की पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी? (पॅचमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी दिसतो.) गर्भाशय आहे, तर अस्तराच्या कॅन्सरपासून बचावाला सोबतचं दुसरं हॉर्मोन, प्रोजेस्टेरॉन, कोणतं? पुन्हा तपासणी कधी?

शेवटचा प्रश्न त्यांनी स्वतःहून खाली लिहिला: आई आता 74 ची आहे, तिच्या हाडांसाठी काय करता येईल?