आपल्या बंडीतला कापूस

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. "मामा, माझ्याजवळ सांगण्यासारखं काहीच नाही, पुढच्या बैठकीला नुसती ऐकायला येते," असं म्हणालीस. ऐकायला जरूर ये. पण सांगण्यासारखं काही नाही, हे मला पटत नाही. फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखं हे बोलणं नाही, म्हणून कागद घेतला.

आधी मागच्या पौर्णिमेच्या आपल्या गोष्टी सांगायच्या बैठकीबद्दल. समाजमंदिरात तू उभी राहिलीस तेव्हा तुझा आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचला, कुठं अडखळली नाहीस. पण ती गोष्ट तुझी नव्हती. एका कास्तकारानं जीव दिला, त्या रात्री त्याच्या घरात काय झालं, हे तू सांगत होतीस, आणि त्या घरात तू नव्हतीस. तुला दिसलं नसेल, दाराजवळ त्याची भावजय बसली होती. तू कर्जाचा आकडा सांगितलास तेव्हा तिनं पदर पुढं ओढला आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी मी तिला भेटून आलो. ती तुझ्यावर रागावलेली नाही. एवढंच म्हणाली, "थो लय हासवे भाऊ. थे कोनी सांगत नाही."

तुझ्या एकटीचा हा दोष नाही. कितीतरी वर्षं बाहेरची माणसं कॅमेरा घेऊन आपल्याकडे आली ती याच एका गोष्टीसाठी. तेच पाहून पाहून आपल्या पोरांना वाटायला लागलं की विदर्भाची गोष्ट म्हणजे एवढीच, आणि ज्याच्या घरी तसं झालं नाही त्यानं गप्प बसावं. याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी, त्यांना वाटेल तेव्हा, ते सांगावं. आपण त्यांचं दुःख उसनं आणू नये.

माझीच चूक सांगतो. मी लहान असताना कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारी योजनेतच घालावा लागे, त्यामुळं केंद्राबाहेर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची आणि कधी कधी दोन-दोन रात्री तिथंच काढाव्या लागायच्या. बैठका सुरू केल्या तेव्हा मी ही गोष्ट तीन-चारदा सांगितली. रांग किती लांब होती, भाव काय मिळाला, कापसाच्या पैशांचा चुकारा किती उशिरा आला. लोक मान डोलवत. ते सगळं त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

एकदा सांगता सांगता मी थांबलो आणि आजवर जे गाळत आलो होतो ते बोललो. मी अकरा वर्षांचा होतो. बाबा बंडीखाली झोपले होते, राखणीला मी. समोर भज्यांची गाडी होती, तो माणूस कापसाच्या बदल्यात भजी देई. मी सदऱ्याची ओटी केली, आपल्याच बंडीतला कापूस तिच्यात भरला आणि जाऊन भजी खाल्ली. सकाळी उजाडलं तर बंडीपासून त्या गाडीपर्यंत मातीवर कापसाचे पांढरे पुंजके पडलेले. बाबांनी ते पाहिले. मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता बसते. ते खाली बसले, माझ्या स्वेटरला चिकटलेला कापूस एक एक करून वेचला, त्याची मुठीत गोळी केली आणि ती परत बंडीत टाकली. मग बैल जुंपले. त्या गोष्टीबद्दल ते आयुष्यात कधी बोलले नाहीत.

त्या रात्री कुणी मान डोलवली नाही. बराच वेळ कुणी हललंही नाही. मग एक म्हातारे उठले आणि त्यांनी त्यांच्या बापाची गोष्ट सांगितली, जी त्यांच्या घरच्यांनीही कधी ऐकली नव्हती.

तेव्हापासून गोष्ट कुठं शोधायची ते मला कळलं. मोठा प्रसंग कोणता, हे विचारून ती सापडत नाही. सांगताना आपण काय गाळतो, ते पाहायचं. रस्त्यात कोण दिसलं की तू वाट बदलतेस? घरातली कोणती वस्तू कुणी फेकायला निघालं की तू हातातून ओढून घेतेस? कोणतं खोटं बोललीस आणि ते खपून गेलं? संध्याकाळी ओसरीवर बसून असं काही आठवलं आणि कानशिलं गरम झाली, की ते धरून ठेव. लगेच सांगायला मात्र धावू नको. जखमेवर खपली धरलेली नसेल तर सांगताना तूच कोसळशील, मग ऐकणाऱ्यांना गोष्ट सोडून तुला सावरत बसावं लागेल. अशी गोष्ट एखादं वर्ष राहू दे.

पाच मिनिटांचा नियम तुला जाचतो, हे मला ठाऊक आहे. तो नियम आपला नाही. 1997 साली न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज डॉज ग्रीन या कादंबरीकारानं 'द मॉथ' नावाच्या बैठका सुरू केल्या. त्याच्या गावाकडे, जॉर्जियात, रात्री व्हरांड्यात मित्र गोष्टी सांगत बसायचे आणि दिव्यावर पतंग जमायचे, त्यावरून ते नाव. त्यांच्या स्पर्धेच्या रात्री टोपीत चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. गोष्ट खरी हवी, स्वतःची हवी, हातात कागद नको, पाच मिनिटांत संपवायची. आपण ते जसंच्या तसं उचललं, कारण ते योग्य आहे. पाच मिनिटंच मिळाली की माणूस प्रस्तावना टाकून देतो. "आमच्या गावात पूर्वीपासून..." इथून सुरू करू नको, बंडीखाली झोपलेल्या बापापासून सुरू कर. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेव, मधलं पाठ करू नको. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं, डोळे वर जातात.

आणि बोली. तू "कापूस वेचणाऱ्या महिला" म्हणालीस. घरी तू "वेचनीच्या बाया" म्हणतेस. "पऱ्हाटी" म्हणतेस, "वावर" म्हणतेस, "काऊन" म्हणतेस. शाळेनं दिलेली भाषा चांगलीच आहे, पण तुझ्या आठवणी त्या भाषेत घडलेल्या नाहीत. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारत आणि उत्तरं त्यांच्याकडूनच काढत. समोरचा नुसता श्रोता राहत नसे.

आणखी एक. साडेसातशे वर्षांमागं आपल्याच अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला, म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. जे स्वामींसोबत राहिले त्यांना गाठून विचारलं आणि 'लीळाचरित्र' तयार झालं. मराठी गद्याची सुरुवात तिथून धरतात. त्यात स्वामी कुठं बसले, काय जेवले, कुणाला काय म्हणाले, असली बारीकसारीक गोष्टही सोडलेली नाही. जो तिथं होता त्याला जाऊन विचारायचं, ही रीत आपल्याच मातीतली आहे. तुझ्या गोष्टीत दुसरं माणूस येत असेल तर तूही तेच करायचं.

आता तुझ्याबद्दल. दिवाळीनंतर तुमच्या वावरात वेचणी चालू होती, मी बांधावर चहाला थांबलो होतो. तू बोलता बोलता सांगितलंस की बारावीच्या वर्षी वेचनीच्या मजुरीची, वजनाची वही बाबांनी तुझ्याकडे दिली होती. एका संध्याकाळी अंधार पडत आला, तुला घरी जायची घाई होती, म्हणून एका मावशीचं गाठोडं तू काट्याला लावलंच नाहीस. अंदाजानं 22 किलो लिहिलंस. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्याच्या वावरात जायला लागली. एवढं सांगितलंस आणि माझ्या कपात चहा शिल्लक असताना तो उचलून आत गेलीस.

ही तुझी गोष्ट आहे. महिनाभर मी वाट पाहत होतो की तू ती घेऊन येशील.

पण बैठकीआधी त्या मावशीकडे जा. मी गोष्ट सांगणार आहे, सांगू का, असं सरळ विचार. नाही म्हणाली तर ती तिथंच ठेवू, तुझ्याकडे दुसऱ्या आहेत. हो म्हणाली तर थोडा वेळ बस, चहा घे, आणि त्या दिवशी गाठोडं किती भरलं असेल ते तिलाच विचार. तिला आकडा आठवत असेल.

बैठक येत्या पौर्णिमेला, सात वाजता. परतताना वाट दिसते म्हणून पौर्णिमाच धरली आहे. यावेळी रोडग्यांचा बेत आहे, तेव्हा घरून जेवून येऊ नको. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा