उन्हाळ्यात ॲपल क्रम्बलचा (सफरचंदाच्या फोडींवर मैदा, लोणी आणि साखरेचा चुरा भुरभुरून ओव्हनमध्ये भाजलेल्या गोड पदार्थाचा) वरचा थर खुसखुशीत न होता लगद्यासारखा का होतो?

लोणी मैद्यात चोळतानाच वितळते म्हणून असे होते. ते अर्धा तास फ्रीजरमध्ये घट्ट करून किसणीवर किसावे आणि मगच मैद्यात मिसळावे. लोणी साधारण 32 ते 35 अंशांना पातळ होते आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडच्या स्वयंपाकघरात दुपारी त्याहून जास्त उष्मा असतो, त्यामुळे शंकरपाळ्यांच्या गरम मोहनासारखे ते पिठाच्या कणाकणाला लागते. क्रम्बलमध्ये मात्र लोण्याचे गार तुकडे वेगळे राहिले, तरच ओव्हनमध्ये त्यांचे दाणे बनतात. मी स्वतः भर उन्हाळ्यात हे करते ते पहाटे, आणि 200 ग्रॅम मैद्याला 100 ग्रॅम लोणी व 100 ग्रॅम साखर घेते. तळहात न लावता बोटांच्या टोकांनी चोळावे, हरभऱ्याच्या डाळीएवढे काही दाणे तसेच राहू द्यावेत, आणि सफरचंदे चिरून होईपर्यंत मिश्रण पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवावे. फोडींवर ते नुसते भुरभुरावे, दाबू नये. 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटांत कडेने रस खदखदू लागतो.

मात्र दोष लोण्याचाच असेल असे नाही. इंग्लंडमध्ये यासाठी ब्रॅम्ली हे आंबट सफरचंद वापरतात; आपल्याकडची लाल, गोड सफरचंदे रसाळ असली तर थर खालून भिजतो. तेव्हा फोडींना अर्ध्या लिंबाचा रस आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळावे. बाजारचे खारे लोणी असल्यास वेगळे मीठ घालू नये.