निवडून तर आले, पण हे पद मला पेलेल का?

“मॅडम, नेतृत्व अंगातच असावं लागतं ना? माझ्यात ते नाही. राजीनामा देऊ का?” राखीव जागेवरून सरपंच झालेल्या आणि माझ्याकडे मार्गदर्शनासाठी आलेल्या एका ताईंनी पहिल्याच भेटीत मला हे विचारले. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी येथे बदलले आहेत. घटनेची 73वी दुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली आणि 2011 पासून महाराष्ट्रातील पंचायतींत स्त्रियांना 50 टक्के आरक्षण मिळाले. तरीही हा प्रश्न मला आजही वारंवार ऐकू येतो.

ताईंची झोप उडाली होती. ग्रामनिधीच्या धनादेशावर ग्रामसेवकाबरोबर सरपंचाचीही सही लागते आणि दिरांनी पुढे केलेल्या कागदांवर त्या न वाचता सह्या करीत होत्या. अशाच एका सहीने पाइपलाइनच्या अर्धवट कामाचे पूर्ण बिल निघाले. ग्रामसभेत बायकांनी पाण्याबद्दल विचारले, तेव्हा उत्तर दिरांनी दिले.

सुरुवातीच्या दोन भेटी मी त्यांचा आत्मविश्वास वाढवण्यात घालवल्या आणि तिथे माझे चुकले. त्यांची भीती हा न्यूनगंड नव्हता. आपल्या सहीचा जाब आपल्यालाच द्यावा लागणार, ही त्यांना झालेली रास्त जाणीव होती. तिला शांत करण्याऐवजी कामाला लावायला हवे होते.

मग आम्ही एकच वाक्य घोटले: “कागद ठेवून जा, वाचून उद्या सही करते.” मी कधी ग्रामसेवक झाले, कधी दीर, कधी आवाज चढवला, कधी गोड बोलले. वाक्य साधे असले, तरी घरातल्या थोरल्या माणसासमोर ते उच्चारताना त्यांचा घसा कोरडा पडे, म्हणून ते किमान वीस वेळा तरी म्हणून घेतले. पुढे आठवड्यातून एकदा ग्रामसेवकांसमोर बसून रोकडवही समजून घ्यायची आणि बिलाआधी अभियंत्याने एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकात, नोंदवलेले मोजमाप जागेवरच्या कामाशी ताडून पाहायचे, असे ठरले. बोलण्याच्या सरावासाठी ग्रामसभेपूर्वी होणारी महिला सभा निवडली, कारण ओळखीच्या बायकांत अडखळले तरी फारसे बिघडत नाही. माझ्या मते जबाबदार नेतृत्वाची क्षमता अशा बारीक सवयींतून घडते. भाषणकलेचा क्रम त्यानंतरचा.

सर्वांत कठीण होती चुकीची कबुली. दिरांना दोष देणे सोपे होते, परंतु सही स्वतःची असल्याने ताईंना ते पटेना. पुढच्या ग्रामसभेत त्या म्हणाल्या, “बिल मी न पाहता मंजूर केलं. किती काम राहिलं, ते वाचून दाखवते.” काही जण संतापले, एक सदस्य उठून गेले, घरी आठवडाभर अबोला राहिला.

पाइपलाइनचे उरलेले काम ठेकेदाराकडून करून घेण्याचा पाठपुरावा अजून चालू आहे. मासिक सभेच्या आदल्या रात्री ताई अजूनही जागतात. मात्र तेव्हा त्यांच्यासमोर विषयपत्रिका आणि रोकडवही उघडी असते, आणि सकाळी विचारायच्या प्रश्नांखाली त्या पेन्सिलने रेघा ओढत असतात.