वाचकांचे प्रश्न : घरचा संगणक मंदावतो तेव्हा

प्रश्न : आमच्याकडे २०१६ मध्ये घेतलेला संगणक आहे. त्यात विंडोज १० असून रॅम ४ जीबी आहे. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी तो घेतला होता. आता त्यावर मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचे हिशेब ठेवतो, वीजबिल भरतो आणि अधूनमधून नेट बँकिंग करतो. नात सुट्टीत आली की गेम खेळते. अलीकडे तो सुरू व्हायलाच दहा मिनिटे घेतो. क्रोममध्ये काही शोधायला जावे तर गूगलऐवजी भलतेच पान उघडते आणि उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत’ अशा इंग्रजी सूचना सारख्या येतात. भाच्याने ‘पीसी क्लीनर’ छापाची दोन सॉफ्टवेअर टाकून दिली, तर तो आणखीच मंदावला. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. संगणकात खरोखरच हेरगिरी करणारे काही शिरले आहे का, आणि फॉरमॅट न करता ते काढता येईल का?
— एक ज्येष्ठ वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात तीन तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्यांची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत. दुकानदाराने तिन्हींवर एकच उपाय सांगितला, कारण त्याला तो सोयीचा आहे. आपण त्या एकेक करून पाहू.

आधी संथपणा. संगणक सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा, म्हणजे टास्क मॅनेजर उघडेल. तो आखूड स्वरूपात उघडला, तर खालच्या ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा. आता ‘डिस्क’ या रकान्यात शंभर टक्के असा आकडा बराच वेळ तसाच राहतो का, ते पाहा. तुमच्या संगणकाच्या वयावरून त्यात फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क असावी, असा माझा अंदाज आहे. विंडोज १० सुरू होताच अपडेट, फायलींची अनुक्रमणिका आणि अँटीव्हायरस ही सगळी कामे एकाच वेळी त्या डिस्ककडे धाव घेतात, आणि ४ जीबी रॅम अपुरी पडली की उरलेला भारही तिच्यावरच येतो. हा दोष कोणत्याही व्हायरसचा नाही आणि फॉरमॅटने तो जाणारही नाही. फॉरमॅटनंतर संगणक काही दिवस चपळ वाटेल आणि पुन्हा होता तसा होईल. हार्डडिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवणे आणि रॅम ८ जीबी करणे, हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

हे आधी सांगण्याचे कारण असे की, ‘संगणक मंद झाला म्हणजे त्यात स्पायवेअर, म्हणजे हेरगिरीचे सॉफ्टवेअर, आहे’ हा समज जितका चुकीचा आहे, तितकाच ‘संगणक वेगाने चालतो म्हणजे तो स्वच्छ आहे’ हा समज धोक्याचा आहे. वीसेक वर्षांपूर्वी ब्राउझरमध्ये नको ते टूलबार आणि जाहिराती घुसवणारी सॉफ्टवेअर संगणकाला अक्षरशः जेरीस आणत, आणि तो समज तेव्हापासूनचा आहे. आजची पासवर्ड चोरणारी सॉफ्टवेअर आवाज करत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकीज उचलायला त्यांना काही मिनिटे पुरतात, आणि त्यानंतर त्यांतली काही स्वतःलाच पुसून टाकतात. संगणक खरोखर मंद करणारा अलीकडचा प्रकार एकच ठळकपणे सांगता येईल. तो म्हणजे तुमच्या प्रोसेसरवर आभासी चलन खणणारे सॉफ्टवेअर. तसे असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’ऐवजी ‘सीपीयू’चा रकाना चढलेला दिसतो आणि काहीही काम चालू नसताना पंखा घोंघावतो.

साफसफाईला हात घालण्यापूर्वी संस्थेचे हिशेब, छायाचित्रे आणि इतर कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, प्रत्येक फोल्डरमधील एक-दोन फायली उघडून पाहा आणि मग ती डिस्क काढून बाजूला ठेवा. संपूर्ण तपासणीत हार्डडिस्कवर तासन्‌तास ताण येतो आणि म्हातारी डिस्क नेमकी त्याच वेळी मान टाकू शकते. नक्कल करताना सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलर फायली, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ईएक्सई’ असते त्या, मात्र घेऊ नका.

त्यानंतर भाच्याने टाकलेली दोन्ही क्लीनर काढून टाका. सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ची यादी तारखेप्रमाणे लावली की, त्याच दिवशी त्यांच्यासोबत आणखी काय आले, तेही दिसेल, अनोळखी नावांची एखाद-दोन सॉफ्टवेअर सोबत आलेली असतातच. या क्लीनरचा धंदाच असा असतो की, तपासणी फुकट करून शेकडो ‘चुका’ दाखवायच्या आणि त्या दुरुस्त करण्यासाठी पैसे मागायचे. त्या चुकांमध्ये निरुपद्रवी कुकीज आणि रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतील, जुन्या नोंदी मोजलेल्या असतात. रजिस्ट्री ‘साफ’ केल्याने संगणक वेगवान होत नाही, आणि अशी सॉफ्टवेअर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

आता कोपऱ्यातल्या सूचना. त्या पाहून सर्वांत जास्त घबराट होते, पण तुमच्या तीन तक्रारींपैकी सर्वांत किरकोळ तक्रार तीच आहे. एखाद्या संकेतस्थळावर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे लिहिलेले असते. घरातल्या कोणीतरी ते बटण दाबले, की त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी मिळते, आणि मग ते विंडोजच्याच सूचनांसारखे दिसणारे संदेश पाठवत राहते. हा व्हायरस नव्हे, आपणच दिलेली परवानगी आहे. त्यामुळे अँटीव्हायरसला त्यात काहीही सापडत नाही आणि लोक हवालदिल होतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथून ‘साइट सेटिंग्ज’ आणि मग ‘नोटिफिकेशन्स’ असे जा आणि परवानगी मिळालेल्यांच्या यादीतील अनोळखी नावे काढून टाका. सूचना त्याच क्षणी थांबतील. यापैकी एखाद्या सूचनेत ‘या क्रमांकावर फोन करा’ असे असेल, तर मुळीच करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन क्रमांक कधीच नसतो. पलीकडचा माणूस तुमच्या संगणकाचा दूरस्थ ताबा मागतो आणि पुढे बँकेचे पान उघडायला लावतो. असे काही आधीच घडले असेल, तर बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवण्यात एक तासही दवडू नका.

शोधाचे पान बदलण्यामागे बहुधा एखादे एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला जोडलेले छोटे सॉफ्टवेअर, असते. क्रोममधील एक्स्टेन्शनच्या यादीतून जे कोणी, कशासाठी टाकले हे घरात कोणालाच सांगता येत नाही, ते काढून टाका. काढण्याचे बटणच काम करत नसेल, तर क्रोमचा मेनू उघडून तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ आहे का, ते बघा. कार्यालयाच्या संगणकावर ती ओळ स्वाभाविक आहे. घरच्या संगणकावर ती दिसली, तर काही अँटीव्हायरसही असे करतात हे खरे, पण अनेकदा कोणत्या तरी सॉफ्टवेअरने क्रोमवर परस्पर धोरण लादलेले असते आणि एक्स्टेन्शन त्याच धोरणाने पुन्हा पुन्हा बसवले जाते. अशा कामासाठी मालवेअरबाइट्स कंपनीचे ‘ॲडवक्लीनर’ हे छोटे, मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडते. ते त्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. शोधाच्या पानावर सर्वांत वर येणाऱ्या जाहिरातीवरून घेऊ नका, कारण सफाईच्या सॉफ्टवेअरच्या नावाने बनावट प्रती पसरवणारे तिथेच टपून बसलेले असतात. संगणकात शिरलेले घातक सॉफ्टवेअर काढण्यासाठी भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर-सुरक्षा संस्थेने २०१७ पासून सायबर स्वच्छता केंद्र चालवले आहे. तेथे देशी अँटीव्हायरस कंपन्यांची सफाईची साधने विनामूल्य मिळतात आणि त्यांत पुण्याच्या क्विक हीलचेही आहे.

एवढे झाल्यावर मुख्य तपासणी करायची. त्यासाठी विंडोजसोबतच येणारा डिफेंडर हा अँटीव्हायरस पुरेसा आहे. फक्त तपासणीपूर्वी त्याच्या सेटिंग्जमधील ‘एक्स्क्लूजन्स’ ही यादी उघडून पाहा. ज्या जागा तपासायच्या नाहीत, त्या तिथे नोंदवलेल्या असतात. घरगुती संगणकावर ही यादी रिकामी असायला हवी. तिच्यात संपूर्ण ‘सी’ ड्राइव्ह किंवा अनोळखी फोल्डर दिसले, तर कोणीतरी पहारेकऱ्याला आधीच डोळे मिटायला सांगितले आहे, हे समजा. ती नोंद काढून टाका आणि मग ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होईल आणि विंडोज जागे होण्यापूर्वीच, म्हणजे मालवेअरला (घातक सॉफ्टवेअरला) लपण्याची संधी मिळण्याआधी, साधारण पंधरा मिनिटांत तपासणी पार पडेल. त्यानंतर एक संपूर्ण तपासणी रात्रभर चालू ठेवा. एका वेळी दोन अँटीव्हायरस मात्र ठेवू नका. मुदत संपलेले जुने अँटीव्हायरस पडून असेल, तर ते आधी काढा.

तपासणीत काही सापडले की लोक ‘रिमूव्ह’ दाबून मोकळे होतात. तसे न करता सापडलेल्याचे नाव लिहून घ्या, कारण पुढचा सगळा निर्णय त्या नावावर अवलंबून आहे. नावाची सुरुवात ‘पीयूए’ (म्हणजे नकोसे सॉफ्टवेअर) किंवा ‘ॲडवेअर’ अशी असेल, तर तो जाहिरातबाजीचा उपद्रव होता आणि तो काढला की प्रश्न मिटला. आपल्याकडे मात्र हमखास दिसणारे नाव ‘हॅकटूल : विन ३२ / ऑटोकेएमएस’ असे असते. विंडोज किंवा ऑफिस पैसे न भरता चालू करण्याचे क्रॅक कोणीतरी, बहुधा संगणक जोडून देणाऱ्यानेच, टाकलेले आहे, असा त्याचा अर्थ. ते स्वतः चोरी करीलच असे नाही. पण ते टाकताना ‘अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते आणि त्या उघड्या दारातून दुसरे कोणीही आत येऊ शकते. अशाच ‘केएमएसपिको’ या क्रॅकच्या इन्स्टॉलरमधून ‘क्रिप्टबॉट’ हे पासवर्ड चोरणारे सॉफ्टवेअर पसरवले जात असल्याचे रेड कॅनरी या सुरक्षा-कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये दाखवून दिले होते.

नावात ‘ट्रोजन’ (सोज्वळ सॉफ्टवेअरच्या वेषात शिरणारे), ‘पीडब्ल्यूएस’ किंवा ‘स्टीलर’ (पासवर्ड वगैरे चोरणारे) असे काही असेल, तर मात्र मी दुकानदाराच्या बाजूने आहे : फॉरमॅटच करा. फाइल काढली तरी तिने मागे आणखी काय ठेवले आहे, याची खात्री घरबसल्या देता येत नाही. पण फॉरमॅटही दुय्यम आहे. आधी मोबाइलवरून, त्या संगणकावरून नव्हे, ईमेलचा, मग बँकेचा आणि मग बाकीचे पासवर्ड बदला. ईमेलच्या सुरक्षा-सेटिंग्जमध्ये जाऊन जिथे जिथे तुमचे खाते उघडे दिसते, तिथून ते ‘साइन आउट’ करा, कारण चोरीला गेलेली कुकी चालू राहिली तर नव्या पासवर्डचा उपयोग होईलच असे नाही. फॉरमॅटसाठी ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून विंडोज उतरवून घेता येते. तुमची प्रत अधिकृत असेल, तर त्याच संगणकावर ती आपोआप पुन्हा कार्यान्वित होते. दुकानदाराकडून करून घेणार असाल, तर क्रॅक केलेले ऑफिस पुन्हा टाकू नको, असे त्याला स्पष्ट बजावा. संस्थेच्या हिशेबाच्या एक्सेल फायली लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक विनातक्रार उघडतात.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती सांगायला हवी. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरासाठी नोंदणी करून त्यानंतरच्या एका वर्षाची वाढीव मुदत मायक्रोसॉफ्टने देऊ केली. तुमच्या संगणकात ती नोंदणी झाली आहे का, हे विंडोज अपडेटच्या पानावर दिसेल. २०१६ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. त्यामुळे एसएसडी घालून हा संगणक हिशेबासाठी आणि नातीसाठी ठेवा, आणि बँकेचे व्यवहार त्यावरून हलवा, असे माझे मत आहे.

प्रश्न : झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणल्यावर पेनड्राइव्हमधील सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागले. माझा प्रबंध त्यात आहे. तो गेला का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : बहुतेक गेलेला नाही, लपवलेला आहे. शॉर्टकटवर मात्र क्लिक करू नका. तो फोल्डर उघडून दाखवतो आणि त्याच वेळी व्हायरसची फाइलही चालवतो, म्हणून लोकांना काही बिघडले आहे असे वाटतच नाही. कोणत्याही फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि ‘फोल्डर ऑप्शन्स’मधील ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ समोरची खूण काढा. तुमचे फोल्डर अंधूक रंगात दिसू लागतील. कधीकधी ते सगळे नाव नसलेल्या एकाच फोल्डरमध्ये कोंबलेले असतात. फक्त प्रबंधाच्या आणि संदर्भांच्या फायली संगणकावर घ्या, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि शॉर्टकट उघडला गेला असेल, तर संगणकाची वर सांगितल्याप्रमाणे ऑफलाइन तपासणी करा. यापुढे प्रिंटसाठी फाइल ईमेलने पाठवा, पण दुकानातल्या संगणकावर स्वतःचे ईमेल उघडू नका; दुकानदाराच्या पत्त्यावर घरूनच पाठवा.

प्रश्न : मराठी टंकलेखनासाठी ‘गूगल इनपुट’ एका संकेतस्थळावरून उतरवल्यापासून जाहिराती सुरू झाल्या आहेत. गूगलचे सॉफ्टवेअर असे कसे करील?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ते गूगलकडून आलेलेच नाही. विंडोजवर बसवायचे ते सॉफ्टवेअर गूगलने केव्हाच बंद केले आणि आता त्याच्या प्रती तिसऱ्यांच्याच संकेतस्थळांवर, अनेकदा जाहिरातींचे सॉफ्टवेअर सोबत बांधून मिळतात. ते काढून टाका आणि पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे क्रोम आणि संगणक तपासा. त्याची गरजही उरलेली नाही, कारण २०१९ च्या मे महिन्यातील आवृत्तीपासून विंडोज १० मध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा, तिच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘मराठी फोनेटिक’ निवडा आणि लिहिताना विंडोजचे बटण दाबून ठेवून स्पेसबार दाबला, की इंग्रजीतून मराठीत येता येते.