गॅरेजमध्ये अडकलेली फियाट: आधी सामान बाहेर काढा

तुमची अडचण थोडक्यात अशी: आजोबांची 1971 ची फियाट 1100 डी, इंजिन, पत्रा, रंग सगळं एकाच गॅरेजला दिलं, निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ गेली, वर्ष उलटलं, गाडी उघडी पडून आहे आणि मालक म्हणतो, "अजून पन्नास हजार सोडा, मग काम चालू करतो." पोलिसांत जावं का, असं विचारलंय.

पोलिसांचं नंतर बघू. आत्ता पैसे देऊ नका आणि भांडूही नका, कारण गाडी त्याच्या ताब्यात आहे. 1872 च्या करार कायद्यात कलम 170 आहे. वस्तूवर कसबाचं काम केलेल्या माणसाला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. 'केलेल्या कामाचे पैसे बाकी आहेत' एवढं म्हणायची सोय त्याला मिळाली की गाडी तिथेच राहणार. म्हणून आधी हिशेब लेखी आणा: किती दिले, कशाचे दिले, त्यातलं काय झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर, गोड भाषेत. कामापेक्षा आगाऊ रक्कम जास्त आहे हे एकदा त्याच्याच उत्तरातून आलं की अडवायला कारण उरत नाही.

मग सामान. बंपर, ग्रिल, हबकॅप, हॉर्न रिंग, काचा, बिडिंग, दाराची कुलपं, कार्बोरेटर, डायनामो. क्रोमवाल्याकडे टाकायचंय म्हणून न्या, आणि खरंच टाका. उघडी गाडी वर्षभर उभी राहिली की तिचे भाग दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीवर बसतात. दर वेळी चोरीच्या हेतूने असं नाही, 'नंतर आणून लावू' म्हणून. पद्मिनी म्हणजे याच फियाटचं पुढचं रूप. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर 2023 मध्ये थांबली. इंजिनाचे बरेच भाग पद्मिनीचे चालत असल्याने टॅक्सी होत्या तोवर माल फिरत होता. आता चांगली ग्रिल गेली की गेलीच.

मालक लबाड असेलच असं नाही. इन्शुरन्सची ठोकलेली गाडी आठवड्यात बाहेर जाते आणि पैसे देते. तुमची फियाट जागा अडवते. त्यात बऱ्याच ठिकाणी डेंटर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, मालकाचा माणूसच नसतो, ठेक्यावर येतो. तो सोडून गेला की मालक महिनोन्महिने 'पुढच्या सोमवारी' म्हणत राहतो. माझं मत स्पष्ट आहे: जुन्या गाडीचा ठेका एका छपराखाली देऊच नये. ठेकेदार तुम्ही व्हा. पत्रा एकाकडे, इंजिन दुसऱ्याकडे, वायरिंग तिसऱ्याकडे, आणि एका वेळी गाडीचा एकच भाग बाहेर. कटकट वाढते, हो. पण एक माणूस बिघडला तर सगळी गाडी अडकत नाही.

पत्र्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. बॉडी हीच चासी. दाराखालचा पत्रा आणि फ्लोअर सडला असेल तर तो कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून बॉडी ताणून धरावी लागते. हे न करता कापलं की बॉडी बसते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. डेंटरला काम द्यायच्या आधी एवढंच विचारा, "कापायच्या आधी आधार कुठे देणार?" उत्तर चाचरलं तर दुसरा बघा. झालेलं काम तपासायला पातळ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक दाराखालून फिरवा. जिथे तो सुटून पडतो तिथे पत्रा नाही, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आहे. अशाच एका गाडीचा दाराखालचा भाग मी स्क्रू-ड्रायव्हरने टोकरून पाहिला: वर झकास रंग, खाली बोटभर लांबी, आणि तिच्यामागे कोंबलेलं गोणपाट. म्हणून रंगाआधी प्रायमरवर गाडी बघायची, आणि हप्ता त्यानंतरच द्यायचा.

इंजिनाचं त्या मानाने सोपं. जुने टॅक्सी मिस्त्री ते डोळे मिटून खोलतात. ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात घ्या, मग इंजिनाचा ब्लॉक बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर कापून मोठे करायला द्या. उलट केलंत तर बोअर एका मापाचा आणि बाजारात पिस्टन दुसऱ्या मापाचे, असं होतं. मुंबईत कुर्ल्याला आणि पुण्यात नाना पेठेत चौकशी करा. "त्यापेक्षा दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण चासी, बॉडी, इंजिन मूळ असेल तरच. मूळ आरसी गॅरेजमध्ये दिली असेल तर तीही परत घ्या.

सरळ मार्गाने गाडी सुटलीच नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, पण दोन वर्षांच्या आत तक्रार व्हायला हवी. तुमचं एक वर्ष गेलंय. पोलीस बहुतेक 'हा दिवाणी मामला आहे' म्हणून परत पाठवतील.

गाडी उचलताना चारही चाकं आणि स्टिअरिंग बसवून घ्या, नाहीतर टोवाला (गाडी ओढून नेणारा) ती साखळीने ओढेल आणि उरलासुरला पत्रा तिथेच फाटेल.