रेंज गेली, सिग्नल गेला का नेटवर्क गेलं?

प्रश्न असा आलाय की मुलीने डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, वडील तिला वायरलेसचा पहिला धडा मराठीतून समजवायला बसले आणि पहिल्याच पानावर अडकले. रेंज, सिग्नल आणि नेटवर्क हे एकच का वेगवेगळं? फ्रिक्वेन्सीला वारंवारता म्हणायचं का कंप्रता? आणि 'बिनतारी' हा शब्द आता मोडीत काढायचा का?

मी काही भाषेचा प्राध्यापक नाही, नाशकात वायफाय आणि सीसीटीव्ही बसवायची कामं करतो, शब्दांचा नाद आहे एवढंच. पण दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या तोंडातच आहे. रेंज जाते, सिग्नल जातो, नेटवर्क जातं. तिघांनी तीन लिंगं वाटून घेतलीत आणि कोणी शिकवलं नाही तरी चूक होत नाही. आता अर्थही वेगळे आहेत का ते बघू.

पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाताना इगतपुरी सोडली की कसाऱ्यापर्यंत बोगदे लागतात, फोनवर बोलणारा माणूस मध्येच "हॅलो, हॅलो" करत फोनकडे बघतो आणि म्हणतो, रेंज गेली. तिथे तो नेटवर्क गेलं असं सहसा म्हणत नाही. बरोबरच आहे, डोंगरातून टॉवरची रेडिओ लहर आत येतच नाही, म्हणजे टॉवरचा हात तुमच्यापर्यंत पोचत नाही. आता उलटं बघा. २०१५ च्या सिंहस्थात दुसऱ्या पर्वणीला मी रामकुंडाच्या अलीकडे गर्दीत उभा, बरोबरचा माणूस चुकलेला, फोनवर चारच्या चार कांड्या आणि फोन काही लागेना, दहा वेळा लावला असेल. तेव्हा आजूबाजूचे सगळे काय म्हणत होते? "नेटवर्क जाम आहे भाऊ." रेंज जाम आहे असं एकानेही म्हटलं नाही. टॉवरचा आवाज सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होता, पण एका टॉवरला एका वेळी ठराविकच लोकांशी बोलता येतं, बाकीचे रांगेत. कांड्या फक्त आवाज किती मोठा येतोय ते दाखवतात, तुमचा नंबर लागेल का ते नाही. पुस्तकात टॉवरचा हात पोचण्याला कव्हरेज आणि एका वेळी किती जणांशी बोलता येतं त्याला कपॅसिटी म्हणतात आणि पोरं परीक्षेत गोंधळतात, पण गोदाकाठच्या गर्दीने दोन वेगळे शब्द वापरून तो फरक केव्हाच केला होता.

रेंजची मात्र आपण एक गंमत केलीय. मूळ अर्थ पल्ला, टप्पा. बंदुकीच्या टप्प्यात, नजरेच्या टप्प्यात म्हणतो तसा. तो टप्पा टॉवरचा असतो आणि आपण त्याच्या आत किंवा बाहेर असतो, पण मराठीत रेंज फोनमध्ये येते, भरते, कमी होते, पाण्याच्या टाकीसारखी. काही बिघडत नाही, फक्त मुलीला सांगताना 'हाकेच्या अंतरावर' हा आपला जुना शब्दप्रयोग आठवा. अंतर मोजलंय मीटरात नाही तर आवाज पोचण्यात, रेंज म्हणजे अगदी हेच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पोचणारी ताकद चौथा हिस्सा उरते, म्हणून राउटरजवळ एकदम मस्त चालणारं वायफाय दोन खोल्या पलीकडे गेलं की रडतं, मधल्या भिंतींनी वर आपलं कापून घेतलेलं असतं ते वेगळंच.

फोनच्या सेटिंगमध्ये आत शिरलात तर सिग्नलचा आकडा उणे दिसतो, उणे ७०, उणे १०० असा, एकक डीबीएम. गिऱ्हाईक दर वेळी विचारतं की उणे १०० म्हणजे जास्त ना. मी सांगतो उधारी समजा, जितकी कमी तितकं बरं. तीनने घसरला की ताकद निम्मी आणि दहाने घसरला की दहावा हिस्सा, म्हणजे उणे ७० आणि उणे १०० मध्ये हजार पटीचा फरक आहे. तरी उणे १०० वरही फोन बऱ्याचदा लागतो, तो केवढासा कण ऐकतो ह्याचं मला आजही नवल वाटतं.

सिग्नल हा शब्द आम्हा कामवाल्यांचा. दिंडोरीकडे एका द्राक्षबागेत घरापासून पॅकिंग शेडपर्यंत दोन छोट्या डिश समोरासमोर लावून लिंक दिली होती, मार्च महिना, सगळं कसं आरशासारखं स्वच्छ. जूनच्या शेवटी फोन, लिंक सारखी तुटते. गेलो, वायर तपासली, पॉवर तपासली, डिश हललीय का बघितली, अर्धा दिवस गेला, मग वर बघितलं तर बांधावरचे साग पानांनी गच्च भरलेले. मार्चमध्ये नुसते खराटे होते! पानात पाणी असतं आणि ५ गिगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पाचशे कोटी कंपनांची, लहर पाण्यात मुरते. डिशचा लोखंडी अँगल सहा फूट उंच केला तेव्हा सिग्नल आला. माझीच चूक, झाड बघितलं पण झाडाचा पावसाळा बघितला नाही. इथे मी रेंज आली असं म्हणणार नाही, कारण टप्पा तोच होता, मध्ये आडवं काही आलं होतं.

आता वारंवारता का कंप्रता. शाळेच्या पुस्तकात वारंवारता असते, कुठे कुठे वारंवारिताही छापलेलं दिसतं, मराठी विश्वकोशात कंप्रता आहे. चूक कुठलाच नाही. पण मला विचाराल तर कंप्रता, कारण वारंवारता संख्याशास्त्रातही येते, वारंवारता सारणी करताना कंप पावणारं काहीच नसतं. कंप्रता म्हटलं की थरथर डोळ्यासमोर येते. आमच्या नाशकातल्या नारोशंकर मंदिराची घंटा घ्या. हळू वाजवा का जोरात, तिचा सूर तोच राहतो, बदलतो तो आवाजाचा मोठेपणा. सूर म्हणजे कंप्रता, मोठेपणा म्हणजे ताकद. तुम्ही टॉवरपासून लांब गेलात तर सिग्नल बारीक होतो, पण ९०० मेगाहर्ट्झचा ८०० होत नाही. आणि ते ९०० म्हणजे सेकंदाला ९० कोटी कंपनं बरं का. लहर सेकंदाला ३० कोटी मीटर पळते, भागाकार करा, एका लहरीची लांबी ३३ सेंटीमीटर, फूटपट्टीपेक्षा जराशी जास्त. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला साडेबारा सेंटीमीटर, ५ ला सहा, म्हणजे साधारण तीन बोटं. अँटेनाची लांबी ह्याच मापावरून ठरते, म्हणून पोरीच्या हातात फूटपट्टी द्या, सूत्र नंतर.

राहिला बिनतारी. बिनशर्त, बिनविरोध, बिनपाण्याची हजामत, त्याच घरातला हा शब्द, ऐटबाज आहे आणि पोलिसांच्या बिनतारी संदेशामुळे अजून कानावर पडतो. पण १५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवाच बंद झाली, त्यामुळे तार म्हटल्यावर संदेश आठवणारी पिढी म्हातारी होत चाललीय. शिवाय आपल्या फोनमध्ये नेहमी बिनतारी असतो तो फोनपासून टॉवरपर्यंतचा तुकडा, पुढे कुठे ना कुठे फायबर म्हणजे काचेची तार लागतेच, जमिनीखालून. जेसीबीने रस्ता खोदताना ती तोडली की रेंज फुल्ल आणि नेट बंद. तेव्हा म्हणायचं नेटवर्क गेलं.

मी 'बिनतारी' वापरतो, पण गिऱ्हाईक बघून. निफाडला एका काकांना म्हटलं, द्राक्षबागेतल्या हवामान यंत्राची जोडणी बिनतारी आहे, काही ओढायला नको. त्यांनी वर मांडवाकडे बघितलं आणि म्हणाले, "तार नाही तर वेल चढवू कशावर?"